दार न उघडणाऱ्या ताईंच्या बाजूने



गेल्या महिन्यात आमच्या भागातल्या एका पाळणाघरावरून बरंच बोलणं झालं. श्राविका मंडळात झालं, भाजीच्या गाड्यापाशी झालं, पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर दोन दिवस दुसरा विषयच नव्हता. बहुतेकांचं म्हणणं एकच होतं की पाळणाघराच्या ताईंनी मुलं अडवून ठेवली, हे काही बरोबर केलं नाही. माझं मत उलट आहे. ताईंनी केलं ते बरोबर केलं, आणि पुन्हा तशी वेळ आली तर त्यांनी पुन्हा तसंच करावं. असं मला का वाटतं ते आज सविस्तर लिहिते, कारण ग्रुपवर दोन ओळींत ते मावत नाही.

आधी झालं काय ते सांगते. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास वळवाचा जोरदार पाऊस आला. वाऱ्याने गुलमोहराची फांदी विजेच्या तारेवर पडली आणि तार तुटून गल्लीत साचलेल्या पाण्यात पडली. नेमकी तीच पाळणाघर सुटायची वेळ. गल्लीच्या तोंडाशी वीस-पंचवीस माणसं जमलेली, कुणी स्कूटीवर, कुणी छत्री धरून. मीही नातीला आणायला गेले होते. तार पाळणाघराच्या फाटकापासून पाच-सहा हातांवर पडली होती. ताईंनी फाटक उघडलं नाही. फाटक लोखंडी, म्हणून त्याच्या जवळपासही कुणाला येऊ दिलं नाही. सगळ्या मुलांना मागच्या खोलीत नेऊन बसवलं, दार आतून लावलं आणि ग्रुपवर एकच निरोप टाकला: सगळी सतरा मुलं आत आहेत, सुखरूप आहेत. वायरमन येऊन वीज बंद केल्याचं सांगेपर्यंत मूल देणार नाही. कुणीही पाण्यात पाय घालू नका.

वायरमन यायला सव्वा तास लागला. त्या सव्वा तासात काय काय ऐकलं! “आमचं मूल, आणि आम्हालाच देत नाही म्हणजे काय?” “पैसे भरतो आम्ही.” एक बाबा तर पँट वर दुमडून पाण्यात शिरायलाच निघाले होते. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या दादांनी त्यांचा दंड धरला म्हणून बरं. शेवटी वीज बंद झाली, तार बाजूला झाली, एकेक मूल सही घेऊन हातात मिळालं. माझी नात तर घरी येऊन सांगत होती की आज ताईंनी जास्त वेळ गोष्टी सांगितल्या.

पुढच्या रविवारी बैठक झाली. ताईंनी कुणी आभार मानतील अशी अपेक्षा केली नसावी, पण जाब विचारला जाईल असंही त्यांना वाटलं नसेल. दोन घरांनी मुलं काढून घेतली. ज्या बाईने सतरा मुलं सांभाळून परत दिली, तिची दोन मुलांची फी बुडाली. मी वाणिज्य शाखेची पदवीधर. हा हिशोब मला पटत नाही.

पालकांचा राग मला समजत नाही असं नाही. आपलं मूल बंद दाराच्या पलीकडे आहे आणि आपण अलीकडे, यासारखी घालमेल दुसरी नाही. त्यातून नोकरी करणाऱ्या आयांवर आपण सगळ्यांनी मिळून एक ओझं टाकलेलं आहे. “मूल परक्याच्या हवाली करून जाते” हे वाक्य आपल्याच घरांतून, आपल्याच तोंडून निघतं. मग अशा वेळी आई धावत येते ती फक्त मूल आणायला येत नाही, आपण आई म्हणून कमी नाही हे दाखवायलाही येते. तिने पाण्यात उडी घ्यावी अशी वेळ आपणच तिच्यावर आणतो. सासूबाईंनी फोनवर “अजून आणलं नाहीस का गं?” असं चार वेळा विचारलं, तर ती दुसरं काय करणार?

म्हणून आधी एक गोष्ट मनाशी पक्की करू. धोका बाहेर असेल तेव्हा मूल जिथे आहे तिथे, ओळखीच्या मोठ्या माणसाजवळ, भिंतीच्या आत सर्वांत सुरक्षित असतं. त्याला तिथून काढून आणताना त्याच्यावर आणि आपल्यावर येणारा धोका जास्त असतो. २६ जुलै २००५ ला मुंबईत एका दिवसात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, ते तुम्हाला आठवत असेल. आपल्यातल्या अनेकींचे भाऊ-बहीण, मुलं-मुली तेव्हा तिकडे होती. त्या रात्री कितीतरी मुलं शाळेतच राहिली. शिक्षकांनी बिस्किटं वाटली, बाकांवर झोपवलं, आणि दुसऱ्या दिवशी मुलं घरी गेली. घरच्यांची रात्र डोळ्यांत गेली असेल, पण मुलं कोरडी आणि जिवंत राहिली. त्याच रात्री रस्त्यावर गाड्यांत अडकलेल्या माणसांचे जीव गेले. घरी पोहोचायची घाई त्यांनाही होतीच.

वायूगळतीत तर हे आणखी खरं आहे. मे २०२० मध्ये विशाखापट्टणमला पहाटे एका कारखान्यातून वायू सुटला, तेव्हा घराबाहेर पळालेली माणसं रस्त्यात कोसळताना आपण टीव्हीवर पाहिली. १९८४ च्या भोपाळमध्येही जी माणसं वायूतूनच धावली, त्यांच्या छातीत तो जास्त गेला. आपल्याकडे असं काही नाही, असं म्हणू नका. सांगली-तासगाव पट्ट्यात बेदाण्याची, हळदीची कोल्ड स्टोरेज आहेत. बर्फाचे कारखाने आहेत. थंडावा करण्यासाठी तिथे बहुधा अमोनिया वापरतात. त्याचा वास आला आणि बाहेरच्या बाजूने येत असला, तर खिडक्या-दारं लावायची, कूलर आणि एक्झॉस्ट पंखा लगेच बंद करायचा, कारण ते बाहेरची हवा आत ओढतात. दाराच्या फटीत ओले टॉवेल कोंबायचे. मुलांच्या नाकाशी ओला रुमाल धरायचा. अमोनिया पाण्यात चटकन विरघळतो, म्हणून ओल्या कापडाचा उपयोग होतो. आता सांगा, अशा वेळी दर दोन मिनिटांनी एकेक पालक येऊन दार उघडायला लावू लागला, तर आतल्या बाकीच्या मुलांचं काय होईल? आपल्या एका मुलासाठी उघडलेलं दार इतर सोळा मुलांसाठीही उघडलेलं असतं.

आग्या मोहोळ उठलं, पिसाळलेलं कुत्रं गल्लीत शिरलं, अचानक दगडफेक सुरू झाली, संचारबंदी लागली, विजा कडाडू लागल्या, तरी हेच. दारं-खिडक्या लावून मुलांना आतल्या खोलीत, खिडकीपासून लांब बसवायचं. विजा चमकत असतील तर नळ, ग्रिल, प्लगला लावलेली वस्तू यांपासूनही दूर.

पण म्हणून “काहीही झालं की आत बसा” हाही नियम नव्हे. इथे माझं बैठकीतल्या दोन्ही बाजूंशी जमत नाही. काही जणी म्हणत होत्या, संकट आलं की मुलं लगेच बाहेर काढा. काही जणी ताईंची बाजू घ्यायची म्हणून म्हणाल्या, मुलं आतच बरी. वहीचं पान मधोमध दुमडून आपण जमा आणि नावे करतो ना, तशी इथेही दोन बाजूंची नोंद हवी. धोका बाहेर असेल तर आत. धोका आतच असेल तर बाहेर. मूल ठेवणाऱ्या बाईला झोपेतून उठवून विचारलं तरी हे सांगता आलं पाहिजे.

आग लागली तर क्षणभर न थांबता बाहेर. १६ जुलै २००४ ला तमिळनाडूत कुंभकोणमला शाळेच्या स्वयंपाकघरातली आग गवताच्या छपराला लागली आणि ९४ लहान मुलं गेली. अरुंद जिना आणि निघायला पुरेशी वाट नाही, हे त्यातलं मोठं कारण. त्यानंतर प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २००९ मध्ये न्यायालयाने शाळांच्या अग्निसुरक्षेबद्दल आदेश दिले. घरगुती गॅसचा वास आला तरी बाहेरच. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली जमिनीलगत साठतो, आणि आपली रांगणारी, चटईवर झोपलेली मुलं नेमकी तिथेच असतात. दिव्याचं बटण दाबायचं नाही, लावायचंही नाही आणि बंदही करायचं नाही. दारं-खिडक्या सताड उघडायच्या आणि मुलांना उचलून निघायचं.

भूकंपात दोन्ही गोष्टी लागतात. कोयनेचे धक्के आपल्याला नवे नाहीत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा मोठा धक्का माझ्या वयाच्या बायकांना लहानपणची आठवण म्हणून आहे. पक्क्या इमारतीत जमीन हलत असताना धावायचं नाही. टेबलाखाली, नाहीतर आतल्या भिंतीशी बसून डोकं झाकायचं. हलणं थांबलं की मग रांगेने मोकळ्या जागेत यायचं. पण पाळणाघर जुन्या दगड-मातीच्या घरात असेल, तर मुळात तिथे मूल ठेवू नका. १९९३ साली किल्लारीत अशाच जड भिंतींखाली माणसं गेली.

आणि पूर. यावर सांगलीकरांना मी काय सांगू? आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. “२००५ ला इथपर्यंत आलं होतं, त्याच्यापुढे येणार नाही” असं म्हणत वरच्या मजल्यावर बसलेली घरं अडकली. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढताना बोट उलटली, आणि त्या बोटीत बायका आणि मुलं होती. कृष्णेचा पूर तारेसारखा एका क्षणात येत नाही. तो आधी सांगून येतो, फुटाफुटाने चढतो, कोयनेतून किती पाणी सोडलं ते कळत असतं. त्यामुळे पूरपट्ट्यातल्या पाळणाघराने पाणी दारात येईपर्यंत मुलं आत ठेवणं हा शहाणपणा नव्हे. इशाऱ्याची पातळी गाठली की पाळणाघर बंद, हे पावसाळ्याआधीच ठरलेलं असावं. आणि सुट्टी अचानक दिली म्हणून ताईंवर आपण ओरडायचं नाही. निघायचं तर लवकर निघायचं. उशीर झालाच, तर उंच आणि पक्क्या जागी थांबून मदतीची वाट पाहायची. अर्ध्या पाण्यातून मूल खांद्यावर घेऊन चालायचं नाही.

आता बंद दाराबद्दल. बैठकीत एका आजोबांनी विचारलेला प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटला. ते म्हणाले, “दार बंद ठेवलं आणि आत आग लागली तर?” याला उत्तर एकच आहे. दार बंद म्हणजे कडी. कुलूप नव्हे. आतून मोठ्या माणसाला एका हाताने काढता येईल अशी, मुलांच्या हाताला लागणार नाही इतक्या उंचीवरची कडी. फाटकाला कुलूप लावून किल्ली स्वयंपाकघरात, आणि मदतनीस बाई दुपारी तासभर घरी गेलेली, असं जिथे असेल तिथून आपलं मूल आजच काढा. दुसरं म्हणजे मागचं दार. आपल्याकडे मागच्या दाराशी जुनी सायकल, रद्दी, पाण्याची टाकी असते. ती हलवायला सांगा. तिसरं म्हणजे खिडक्यांचं ग्रिल. चोर येऊ नये म्हणून आपण सगळ्या खिडक्या पिंजऱ्यासारख्या करतो. किमान एका ग्रिलला आतून उघडणारी झडप हवी. कुठल्याही वेल्डरकडे ती होते.

आत ठेवायचं तर आत काय हवं, याचाही विचार करू. पहिली गोष्ट हजेरीची वही. त्या संध्याकाळी ताई “सगळी सतरा मुलं” असं छातीठोकपणे लिहू शकल्या, ते वहीमुळे. सकाळी किती आली, दुपारी किती गेली, आता किती आहेत, हा ताळा कोणत्याही क्षणी जुळला पाहिजे. आम्ही कॉलेजात ताळेबंद जुळवताना एका रुपयासाठी रात्र जागवायचो. इथे एका आकड्याच्या फरकाचा अर्थ काय होईल, ते मी लिहीतही नाही. ही वही मोबाइलमध्ये नको, कागदाची हवी, आणि आग लागली तर मुलांबरोबर तीही बाहेर आली पाहिजे. प्रत्येक मुलाचं एक कार्ड असावं. त्यावर आई-बाबांचे नंबर, गावाबाहेरच्या एका नातेवाइकाचा नंबर, रक्तगट, अॅलर्जी, चालू औषध, आणि मूल कुणाकडे द्यायचं त्यांची नावं. दम्याचा पंप लागणारं मूल असेल, तर एक पंप पाळणाघरातच ठेवायला द्या.

वीसेक मुलांच्या पाळणाघराने वीस-वीस लिटरचे दोन भरलेले जार कायम बाजूला ठेवावेत. एक बॅटरी, जास्तीचे सेल, शिट्टी, चार जुनी सुती लुगडी, जी पुसायला, पांघरायला, ओली करून फटीत घालायला उपयोगी पडतात. तान्ह्या बाळांसाठी दूध पावडर आणि लंगोट. मोठ्यांसाठी चुरमुरे, राजगिऱ्याचे लाडू, खाकरे, बिस्किटं. दर दोन महिन्यांनी खाऊ बदलायचा. मुलांनी जुना खाऊ त्या दिवशी खाऊन टाकायचा, म्हणजे वायाही जात नाही.

इथे आपल्या घरांतला एक प्रश्न निघाला, तो टाळून पुढे जाता येणार नाही. एका ताईंनी विचारलं, “आमच्याकडे सूर्यास्तानंतर काही देत नाही. तेव्हा मूल अडकलं तर?” माझं मत स्पष्ट आहे. घाबरलेल्या, भुकेल्या दोन वर्षांच्या बाळाला रात्री आठ वाजता दूध दिलं, म्हणून आपला नियम मोडत नाही. नियम आपण समजून-उमजून घेतलेला असतो. बाळाने तो घेतलेला नसतो. कंदमुळाचं किंवा अंड्याचं काही देऊ नका, हे कार्डावर जरूर लिहा. पण उपाशी ठेवा असं कुणी लिहू नका. पाळणाघराच्या ताई आपल्या समाजाच्या नसतील, तर हे त्यांना आधी सांगणं आपलं काम आहे. ऐन वेळी त्यांना कोड्यात टाकायचं नाही.

मुलांना हे शिकवायचं कसं? भीती घालून अजिबात नाही. “बाहेर गेलास तर पोलीस धरेल” असं म्हटलेलं मूल संकटात पोलिसाकडेच जाणार नाही. लहान मुलांना खेळ कळतो. आमच्या नातीच्या पाळणाघरात आता महिन्यातून एकदा दोन खेळ खेळतात. एकात शिट्टी वाजली की सगळी मागच्या खोलीत येऊन कासवासारखी डोकं आत घेऊन बसतात, आणि ताई हळू आवाजात गोष्ट सांगतात. दुसऱ्यात घंटा वाजली की दोरीच्या गाठी धरून आगगाडी करत समोरच्या पटांगणात जायचं. आवाज वेगळा, खेळ वेगळा. एवढी साधी ही तयारी आहे. दोन महिन्यांत तीन वर्षांची मुलंसुद्धा शिकली.

माझी मोठी मुलगी अमेरिकेत असते. तिथल्या पाळणाघरात हे सगळं कायद्याने होतं. २०१४ च्या त्यांच्या कायद्यानुसार प्रत्येक राज्याच्या आपत्कालीन योजनेत मुलांना बाहेर कसं काढायचं, आत कसं ठेवायचं, आणि नंतर घरच्यांच्या हाती कसं द्यायचं, याची पद्धत असावी लागते. २०१३ मध्ये ओक्लाहोमातल्या मूर गावात चक्रीवादळाने एक शाळा पाडली, तेव्हा सात मुलं गेली. भिंती होत्या, पण वादळात टिकेल अशी पक्की खोली तिथे नव्हती. म्हणजे आत ठेवायचं, तर ते ‘आत’ आधी तपासून घ्यावं लागतं. आपल्याकडे २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायदा बदलला आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचं झालं. २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्यासाठी मार्गदर्शक सूचनाही काढल्या. पण आपली मुलं जातात ती गल्लीतल्या, कुणाच्या तरी राहत्या घरातल्या पाळणाघरात. तिथे तपासायला कोण येतं? आपणच गेलं पाहिजे. पोरांच्या डब्यात भाजी कोणती, हे आपण रोज विचारतो. मागचं दार उघडतं का, हे किती जणींनी विचारलंय?

याला पैसे लागतात, हेही मान्य करू. पाळणाघर चालवणारी बाई काही श्रीमंत नसते. जार, बॅटरी, औषधाची पेटी, अग्निशामक नळकांडं आणि ग्रिलची झडप, हे सगळं तिने महिन्याच्या फीतून करावं म्हणणं म्हणजे अन्याय आहे. पालकांनी एकदा मिळून वर्गणी काढली, तर एका घराला वाढदिवसाच्या केकपेक्षा जास्त पडत नाही. मंडळानेही मदत करावी. आपल्या मंदिराजवळची मंगल कार्यालयं, बोर्डिंगच्या इमारती पक्क्या आहेत, मोठ्या आहेत. पाळणाघरातून मुलं बाहेर काढावी लागली तर ती कुठे न्यायची, त्या जागेची किल्ली कुणाकडे असेल, एवढं तरी आपण ठरवून देऊ शकतो.

प्रमादाला आपल्या आचारशास्त्रात किती मोठं स्थान आहे ते मी सांगायला नको. मारायची इच्छा नसतानाही निष्काळजीपणाने जीव गेला, तर त्याचा दोष लागतोच. आपण पाणी गाळतो, धान्य निवडतो, दिवा झाकतो. ही रोजची जपणूक, हा यत्नाचार, मुलांच्या जागेबाबतही हवा. आणि पावसाळ्यात एका जागी थांबण्याचं शहाणपण तर आपल्याला दर चातुर्मासात डोळ्यांसमोर दिसतं.

आता आपलं काम. ज्यांची मुलं-नातवंडं पाळणाघरात आहेत, त्या प्रत्येकीने या आठवड्यात ताईंना तीन गोष्टी लिहून द्याव्यात. एक, धोका बाहेर असताना तुम्ही दार उघडलं नाही तर आम्ही भांडणार नाही. दोन, ग्रुपवर तुमचा निरोप आल्यावर आम्ही फोन करून तुमची लाइन अडवणार नाही. तीन, कार्डावर नाव नसलेल्या माणसाला, मग तो मुलाचा सख्खा काका का असेना, मूल दिलं नाहीत तरी आम्हाला राग येणार नाही. आणि त्यांच्याकडून एकच मागून घ्यावं: ताळा जुळेल अशी वही आणि एका हाताने निघेल अशी कडी.

आजीबाईंना वेगळं सांगते. सुनेला, लेकीला अशा वेळी “अजून आणलं नाहीस का?” असं विचारू नका. “निरोप आला का? मग थांब तू, आम्ही आहोत” एवढं म्हणा. ती पाण्यात पाय घालणार नाही.

त्या दोन घरांतल्या मुलांच्या जागा अजून रिकाम्या आहेत. कुणाला चांगलं पाळणाघर हवं असेल तर मला विचारा, पत्ता सांगते.